स्टेशनपासून ५ मिनिटं, पण कोणत्या वाटेने?

पनवेल ते कर्जत हा नवा उपनगरी मार्ग जेमतेम ३० किलोमीटरचा. मधे चिखले, मोहोपे आणि चौक ही तीनच स्टेशनं. अशा ठिकाणी लोकलच्या आधी जाहिरात पोचते: ‘एनए (बिगरशेती) प्लॉट, स्टेशनपासून ५ मिनिटं’. ही ५ मिनिटं बहुधा नकाशावर पट्टी ठेवून मोजलेली असतात.

आपण मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे १० मिनिटांत ८००. स्टेशनभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत सुमारे २०० हेक्टर जमीन येते. पण पक्ष्यासारखं सरळ कोण जातं? रस्ते काटकोनात छेदणारे असतील, तर १० मिनिटांत गाठता येणारा भाग पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा होतो आणि भरतो १२८ हेक्टर. स्टेशनातून एकाच बाजूला बाहेर पडता येत असेल आणि रूळ ओलांडायची सोय नसेल, तर उरतात फक्त ६४. तेही गल्ल्यांचं जाळं दाट असेल तरच!

आता त्यात एक १० एकरांची सोसायटी आणा. २०० मीटर लांब, २०० मीटर रुंद, चारी बाजूंनी कंपाउंड. तिच्या बरोबर मागे राहणाऱ्याला आरपार वाट असती तर २०० मीटर चालावं लागलं असतं. वळसा घालून ४०० होतात. सकाळी ठीक आहे, पण पावसात, कडेवर मूल घेऊन? तो माणूस रिक्षा करतो किंवा दुचाकी काढतो, मग स्टेशनबाहेर पार्किंगची मारामारी सुरू होते. गर्दीचा दोष लोकसंख्येवर जातो. माझ्या मते तो त्या भिंतीचा आहे.

जो तो आपापल्या सातबाऱ्यापुरता नकाशा मंजूर करून घेतो, तेव्हा अशा भिंती उभ्या राहतात. नगररचना योजनेत हे टाळता येतं: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे, मग प्रत्येकाला नीट आकाराचा भूखंड परत द्यायचा. पनवेलजवळच्या ‘नैना’ क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या पट्ट्यात, सिडको मूळ जमिनीच्या ४० टक्के भूखंड परत देते. वांद्रे, सांताक्रूझ इथे अशा योजना फार पूर्वीच झाल्या आहेत.

रुळांखालच्या वाटेचंही तसंच. भराव टाकतानाच भुयारी मार्ग ठेवणं सोपं. गाड्या धावू लागल्या की त्याच कामासाठी रात्रीचे ब्लॉक घ्यावे लागतात. आणि तो नेमका कुठे हवा, हे शोधायला फार लांब जायला नको. गावातली माणसं आज शेतावर जाताना रूळ जिथे ओलांडतात, तिथेच.