शेवटचे १०९ मीटर

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचच्या सुमारास बाहेर पडले, की बायपासच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भरती असते. सैन्यभरतीच्या मेळाव्यात १६०० मीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापले, तर धावण्याचे पूर्ण गुण मिळतात. पोलीस भरतीतही पुरुषांना तेवढेच अंतर धावावे लागते. म्हणून ‘सोळाशे किती बसतंय?’ असे विचारले, की समोरचा मुलगा ‘पाच-चाळीस’ किंवा ‘पाच-पंचवीस’ असे उत्तर देतो, आणि त्या पंधरा सेकंदांच्या फरकात त्याचे अख्खे वर्ष गेलेले असते.

याच भागातून, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावातून, अविनाश साबळे पुढे आले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांत पूर्ण केली. या शर्यतीत ९१.४ सेंटीमीटर उंचीचे अडथळे २८ वेळा आणि पाण्याची उडी ७ वेळा पार करावी लागते. त्यांच्या सरासरी वेगाचा हिशेब मांडला, तर या उड्यांसकट १६०० मीटरला सुमारे ४ मिनिटे २१ सेकंद लागतात, आणि पुढचे १४०० मीटरही त्याच वेगाने धावायचे उरतात. हा आजही भारताचा राष्ट्रीय विक्रम आहे. त्या दिवशी पॅरिसमध्ये साबळे सहावे आले.

या शर्यतीचा जागतिक विक्रम इथिओपियाच्या लामेचा गिर्मा यांच्या नावावर आहे: ७ मिनिटे ५२.११ सेकंद, ९ जून २०२३, पॅरिस. दोन्ही वेळांत १७.८ सेकंदांचा, म्हणजे सुमारे ३.६ टक्क्यांचा फरक आहे. हे दोघे आपापल्या सर्वोत्तम दिवशी एकाच ट्रॅकवर धावले असते, तर गिर्मा रेषा ओलांडतील तेव्हा साबळे जवळपास १०९ मीटर मागे असते. शरीरशास्त्राला अनेक वर्षे छळणारा प्रश्न या १०९ मीटरांत दडलेला आहे. जो माणूस आपल्या देशात सर्वांत पुढे आहे, ज्याच्या सरावात आता कोणतीही ढिलाई उरलेली नाही, तो जगातल्या सर्वोत्तम धावपटूपेक्षा एवढाच आणि एवढाच मागे का राहतो?

साबळे यांच्या विक्रमांचा क्रम पाहिला, की या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्या चार वर्षांत ही वेळ टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, रबातमध्ये ८:१२.४८ अशी उतरत गेली आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वर आली. तिथे सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. केनियाचे अब्राहम किबिवोट ८:११.१५ मध्ये पोहोचले होते. चार वर्षांत १८.६० सेकंद कमी झाले, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत १.२९ सेकंद. साबळे यांची मेहनत या दोन वर्षांत कमी झाली नव्हती. उलट उंचीवरचा सराव, परदेशातील शिबिरे, आहाराचे नियोजन हे सारे वाढले होते. तरीही आलेख सपाट होत गेला, कारण जे सहज मिळण्यासारखे होते ते आधी मिळून गेले होते.

आता हृदयाकडे वळू, कारण लांब पल्ल्याच्या धावण्याची सर्वांत कठोर मर्यादा तिथे आहे. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. सराव नसलेल्या निरोगी तरुणात ते वजनाच्या दर किलोमागे ४० ते ४५ मिलिलिटर असते. जागतिक दर्जाच्या धावपटूंमध्ये ७० ते ८५. हा फरक कुठून येतो? फुप्फुसांतून, असे अनेकांना वाटते. ‘दम’ हा आपला शब्दही तेच सुचवतो. परंतु निरोगी माणसाची फुप्फुसे बहुधा गरजेपेक्षा अधिक प्राणवायू पुरवू शकतात. अडचण तो प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेण्यात असते.

ठिबक केलेल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे आणि चार एकरांवर नळ्या अंथरलेल्या आहेत. एका एकराचा व्हॉल्व्ह उघडला, तर शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोहोचते. चारही व्हॉल्व्ह एकदम उघडले, की दाब पडतो आणि कुठेच पुरेसे पाणी जात नाही. आपल्या शरीराची रचना नेमकी अशी आहे. १९८५ मध्ये कोपनहेगन येथे अँडरसन आणि सॉल्टिन या संशोधकांनी लोकांना एकाच पायाच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंनी काम करायला लावून त्या स्नायूंचा रक्तप्रवाह मोजला. एक किलो स्नायू मिनिटाला सुमारे अडीच लिटर रक्त घेऊ शकतो, असे त्यांना आढळले. धावताना पंधरा किलो स्नायूंनी त्या दराने रक्त मागितले, तर मिनिटाला ३७ लिटरांहून अधिक लागेल. सामान्य तरुणाचे हृदय पूर्ण जोर लावूनही २० लिटरांच्या आसपास रक्त ढकलते. म्हणून मेंदू आणि मज्जासंस्था रक्तवाहिन्या आवळून ठेवतात, म्हणजे व्हॉल्व्ह अर्धवटच उघडतात. तसे केले नाही तर रक्तदाब कोसळून धावणारा जागीच पडेल.

श्रेष्ठ धावपटूंचे हृदय मिनिटाला ३५ ते ४० लिटरांपर्यंत रक्त ढकलू शकते. सरावाने हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग वाढत नाही. वाढते ते एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त. सामान्य माणसात ते १०० ते १२० मिलिलिटर असते, उत्तम धावपटूत २०० च्या जवळ जाते. डावा कप्पा मोठा आणि लवचीक होतो, रक्ताचे एकूण प्रमाण वाढते, तांबड्या पेशी वाढतात. ही वाढ किती होईल, याला मात्र प्रत्येकाची स्वतःची कमाल मर्यादा असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. पहाटे बायपासवर शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन मुलांपैकी कोणाच्या छातीत किती एचपीची मोटर बसवता येईल, हे त्यांच्या चेहऱ्यावरून, पायांवरून किंवा जिद्दीवरून ओळखण्याची कोणतीही रीत नाही.

या मर्यादेत आनुवंशिकतेचा वाटा किती, हे तपासणारा हेरिटेज हा मोठा अभ्यास १९९० च्या दशकात उत्तर अमेरिकेत झाला. क्लोद बुशार आणि सहकाऱ्यांनी, बैठी जीवनशैली असलेल्या ९८ कुटुंबांतील ४८१ व्यक्तींना २० आठवडे एकसारखा व्यायाम दिला. सरासरी पाहता प्राणवायू वापरण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटरने वाढली. काहींत मात्र ती जवळपास वाढलीच नाही, तर काहींत एक लिटरहून अधिक वाढली. एकाच कुटुंबातल्या लोकांचा प्रतिसाद बराच सारखा होता, आणि या फरकापैकी ४७ टक्क्यांपर्यंतचा भाग कौटुंबिक वारशाशी जोडता येतो, असा निष्कर्ष निघाला. मेहनत तीच असूनही फळ वेगळे मिळते, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच मोजले गेले होते.

या निष्कर्षाचा लोकप्रिय अर्थ मात्र घाईचा आहे. ‘काही शरीरांवर सरावाचा परिणामच होत नाही’ असे जे म्हटले जाऊ लागले, त्याला २०१७ मध्ये माँतेरो आणि लुंडबी यांनी प्रत्युत्तर दिले. सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर ज्यांच्यात सुधारणा दिसली नाही, त्यांना आठवड्यातून आणखी दोन सत्रे देऊन त्यांनी पुन्हा सहा आठवडे सराव करवला, तेव्हा त्या सर्वांची ताकद वाढली. म्हणजे जी मर्यादा वाटत होती, ती बऱ्याच अंशी अपुऱ्या मात्रेची खूण होती. खरी मर्यादा आणि तिचा आभास यांत फरक करणे हेच या विषयातले सर्वांत अवघड काम आहे, आणि आपल्याकडे त्या कामाची फार कमी कदर होते, असे मला वाटते.

एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. आठशे मीटरला शेवटच्या वळणावर पाय जड होणाऱ्या मुलीला ‘जोर लाव’ असे ओरडून सांगितले जाते. तिच्या रक्तात मात्र जोर लावण्यासाठी लागणारा प्राणवायूच पुरेसा नसण्याची शक्यता मोठी असते. याच्या अगदी उलट टोकाला फिनलंडचे स्कीपटू एरो मेंटिरांटा होते. तांबड्या पेशींची निर्मिती वाढवणाऱ्या संप्रेरकाला अतितीव्र प्रतिसाद देणारा जनुकीय बदल त्यांच्या कुटुंबात होता, त्यामुळे त्यांचे हिमोग्लोबिन जन्मतःच फार जास्त असे. त्यांनी ऑलिंपिकमध्ये सात पदके मिळवली, त्यांतली तीन सुवर्ण. या बदलाचा उलगडा १९९३ मध्ये झाला, तेव्हा त्यांची कारकीर्द संपून बराच काळ लोटला होता.

हृदयाखेरीज आणखी दोन गोष्टी आहेत. कमाल क्षमतेच्या किती टक्क्यांवर रक्तात लॅक्टेट, म्हणजे जोरदार कामात स्नायूंतून बाहेर पडणारा पदार्थ, साचू लागते, ही एक. सराव नसलेल्यात हे ५० ते ६० टक्क्यांवर घडते, तर उत्तम धावपटूत ८० ते ९० टक्क्यांवर. त्याच वेगासाठी किती कमी प्राणवायू खर्च होतो, ही दुसरी. तिथे बारीक पोटऱ्या, टाचेमागच्या स्नायुबंधाची स्प्रिंगसारखी लवचीकता आणि वर्षानुवर्षांच्या धावण्याने आलेली काटकसर उपयोगी पडते.

वरच्या पातळीवर पोहोचल्यावर मर्यादा अचानक का जाणवते, याचे उत्तर मात्र काही अंशी गणितात आहे. लातूरच्या दालमिलमध्ये तूर एकामागून एक चाळण्यांवरून जाते. पहिल्या चाळणीवर लहान-मोठे दाणे सहज वेगळे होतात. शेवटच्या चाळणीवर उरलेले दाणे आकाराने जवळजवळ सारखे असतात, तेव्हा आकार पाहून त्यांत निवड करता येत नाही. रंग, ओलावा, कीड अशी दुसरीच लक्षणे पाहावी लागतात. शाळा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्र या खेळाच्या चाळण्या आहेत. तालुक्याला जो नियमित सराव करतो तो जिंकतो, कारण बाकीचे सराव करत नाहीत. राष्ट्रीय अंतिम फेरीत सराव न करणारा कोणीच उरलेला नसतो. २०१६ मध्ये मॅकनमारा, मोरो आणि हँब्रिक यांनी या विषयावरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सर्व स्तरांतील खेळाडूंचा एकत्र विचार केला, तर कामगिरीतील फरकाचा १८ टक्के भाग हेतुपूर्वक केलेल्या सरावाने स्पष्ट होत होता. फक्त श्रेष्ठ पातळीचे खेळाडू घेतले, तर हा वाटा १ टक्क्यावर आला. याचा अर्थ श्रेष्ठांना सरावाची गरज नाही असा मुळीच नाही. तिथे सर्वांचाच सराव टोकाचा असल्याने फरक पाडण्याचे काम हृदयाचा कप्पा, स्नायुतंतूंची जात, सावरण्याचा वेग आणि दुखापत टाळणारे सांधे यांच्याकडे जाते.

क्रिकेटमध्ये हीच गोष्ट वेळेच्या रूपाने समोर येते. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा गाजवणारा फलंदाज जेव्हा ताशी १४० किलोमीटर वेगाच्या लेदर चेंडूसमोर प्रथम उभा राहतो, तेव्हा चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपाशी येईपर्यंत त्याला सुमारे अर्धा सेकंद मिळतो. डोळ्यांनी बदल टिपून त्यानुसार बॅटची दिशा बदलायला त्यातले जवळपास ०.२ सेकंद लागतात, आणि १९८७ मधील पीटर मॅक्लाउड यांच्या प्रयोगात कसोटी दर्जाच्या फलंदाजांनाही यापेक्षा कमी वेळ लागला नाही. मज्जातंतूंचा वेग सर्वांचा सारखाच. श्रेष्ठ फलंदाज वेगळा ठरतो तो चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखण्यात. त्याची नजर टप्प्याच्या जागी चेंडूच्या आधीच जाऊन थांबते. टेनिस बॉलच्या मैदानावर या कौशल्याची गरजच पडत नाही, म्हणून त्याची उणीवही तोवर लपून राहते.

एखादा मुलगा राज्यस्तरावरून परतला, की आपल्याकडे ‘जिद्द कमी पडली’ असे सहज म्हटले जाते. मला हे वाक्य अन्यायाचे वाटते. राज्यस्तरापर्यंत पोहोचलेल्या मुलाची जिद्द त्याआधीच्या चार चाळण्यांवर सिद्ध झालेली असते. तो थांबला असेल, तर एकतर त्याच्या शरीराची खरी मर्यादा आली, जिच्यात त्याचा दोष नाही, किंवा आहार, रक्त, विश्रांती आणि सरावाची मात्रा यांपैकी काहीतरी कमी पडले, जे मोजता आणि सुधारता येते. यांतले कोणते घडले, हे न तपासता दिलेला निकाल त्या मुलाच्या मनात आयुष्यभर राहतो.

तपासण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असेही नाही. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी मांडलेली बारा मिनिटांची चाचणी कोणत्याही शाळेच्या मैदानावर घेता येते. बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती मीटर धावता येते ते मोजायचे, त्यातून ५०४.९ वजा करायचे आणि ४४.७३ ने भागायचे; व्हीओटू मॅक्सचा अंदाज मिळतो. २४०० मीटरला तो ४२ येतो, २८०० ला ५१, ३२०० ला ६०. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. दर सहा आठवड्यांनी, सारख्याच हवेत, शक्यतो पहाटे, हीच चाचणी घेऊन वहीत नोंदी ठेवल्या, तर वर्ष-दीड वर्षात एक रेषा तयार होते. ती चढत असेल, तोवर मर्यादेची चर्चा करण्याचे कारण नाही. ती सपाट झाली, तर आधी हिमोग्लोबिन तपासावे, मग झोप आणि जेवण पाहावे, मग सरावाची मात्रा बदलून तीन महिने थांबावे. इतके करूनही रेषा हलली नाही, तर अंतर बदलून पाहावे, प्रकार बदलून पाहावा. साबळेही सैन्यात दाखल झाल्यानंतर आधी क्रॉस-कंट्री धावत होते. स्टीपलचेसकडे ते वळले २०१७ मध्ये, आणि ३७ वर्षे टिकलेला विक्रम त्यांनी पुढच्याच वर्षी मोडला.