तबेल्यातला कोट: जाड म्हणजे टिकाऊ नव्हे

घोड्यांच्या तबेल्यात कामाला कोट जितका जाड तितका उबदार आणि टिकाऊ, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्ही चूक. ऊब कापडाच्या वजनातून नाही, आत अडकलेल्या स्थिर हवेतून मिळते.

टिकणं ठरतं विणीवर आणि शिलाईवर. कोट आधी फाटतो तो कोपराला, खिशाच्या तोंडाशी आणि चेनपाशी. दुकानात हेच निरखून बघा. घट्ट विणीचं सुती कॅनव्हास घासाघीस छान सोसतं, पण घोडा धुताना भिजलं की जड होतं आणि लवकर वाळत नाही. नायलॉन झटकन वाळतं. मात्र सळसळणारं नको, बुजरा घोडा त्या आवाजानेही बिचकतो. बाहेरून फ्लीसचं लवदार कापड तर नकोच (वेल्क्रोही नको), गवताच्या काड्या आणि केस त्यात रुतून बसतात.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जानेवारीच्या पहाटे पारा 15 अंशांजवळ आला तरी खरारा करताना, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासताना, घाम फुटतोच. घामाने ओला झालेला जाड कोट उलट अंग गार करतो. मुंबईत बिनबाह्यांचं अस्तराचं जाकीट पुरतं. काश्मीरला कामाला निघालात तर आत लोकरीचा थर, वर वारा अडवणारं कॅनव्हास घ्या. चेन खालूनही उघडणारी असू द्या, म्हणजे खूर साफ करायला वाकताना कोट अडत नाही.