ठोशाला एकच गुण, मग मारायचा कशाला?

फोंड्यातल्या एका हॉलमध्ये भाचीची तायक्वांदो स्पर्धा बघत होतो. शेजारी बसलेले एक पालक वैतागून म्हणाले, "पंचाक एकूच पॉयंट! मागीर कित्याक मारता ती?"

प्रश्न रास्त आहे. ऑलिंपिकमध्ये चालणाऱ्या नियमांत चेस्ट गार्डवरच्या ठोशाला १ गुण, तिथेच किक बसली तर २, डोक्यावर बसली तर ३; गिरकी घेऊन मारली तर आणखी २ गुणांची भर. डोक्यावर ठोसा मारायला बंदीच. (पंच म्हटले की कोपऱ्यात बसलेले पंच आठवतात, म्हणून मी ठोसाच म्हणतो.) त्यामुळे हात नावापुरते, खेळ पायांचा, असा समज झाला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याचे कारण खेळाडूच्या मुठीत नाही, समोरच्याच्या मेंदूत आहे.

शरीराचा भाग थोडक्यात सांगतो. मागच्या हाताचा ठोसा मारताना कंबर पुढे वळते आणि वजन पुढच्या पायावर जाते. मागचा पाय हलका होतो आणि त्याच फिरकीत किकसाठी उठतो.

खरी गंमत पुढे आहे. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. काय करायचे हे निवडायचे असेल तर त्याहून जास्त. पण एका गोष्टीवर निर्णय चालू असताना लगेच दुसरी समोर आली, तर दुसरीचा प्रतिसाद रेंगाळतो. १९३१ साली मानसशास्त्रज्ञ टेलफर्ड यांनी हे प्रयोगातून दाखवले. १९५२ मध्ये वेलफर्ड यांनी कारण मांडले, की निर्णयाची वाट एकेरी आहे. या रेंगाळण्याला 'सायकॉलॉजिकल रिफ्रॅक्टरी पीरियड' म्हणतात.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट आठवा. धक्क्यावर तुम्ही कितीही वेगात या, बोट पलीकडे गेलेली असेल तर थांबावेच लागते. डोळा म्हणजे अलीकडचा रस्ता, स्नायू म्हणजे पलीकडचा. दोन्ही मोकळे आहेत, अडते ते मध्ये. ठोसा बोटीत चढला की किक धक्क्यावर उभी राहते. ती दिसत असते, पण हात खाली जात नाही. आता बारकावा बघा. दोन्ही गाड्या एकदमच आल्या तर एकाच बोटीत चढतात, म्हणजे मेंदू दोन्हींवर एकत्रच निर्णय घेतो. फार उशिरा आली तर बोट परतलेली असते. म्हणून किक ठोशामागोमाग हवी, पण बरोबर नको.

घरी करून बघा. ३० सेंटिमीटरची पट्टी कुणालातरी वरून सोडायला सांगा आणि चिमटीत पकडा. भाचीने १८ सेंटिमीटरवर पकडली, म्हणजे ०.१९ सेकंद. मग मी 'दिवस' म्हणायचे, तिने 'रात्र' म्हणायचे, आणि माझा शब्द संपतो न संपतो तोच पट्टी सोडायची, असे केले. पट्टी पूर्ण निसटली. ३० सेंटिमीटर पडायला जेमतेम पाव सेकंद लागतो. तेवढाही तिला पुरला नाही.

हे रेंगाळणे सरावाने कमी होते, पण सहसा पूर्ण जात नाही.

आता त्या एका गुणाकडे येऊ. पहिल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायची गरजच नसेल, तर दुसरीचा उशीर बराच कमी होतो. हुलकावणी ओळखणारा खेळाडू तिच्याकडे दुर्लक्ष करतो आणि बोट मोकळी ठेवतो. ठोशाला गुण असल्यामुळे, आणि तो जोरकस असला तरच पंच देतात म्हणून, त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

भाचीच्या पहिल्या फेरीत ठोशामागोमाग आलेल्या किकवर समोरच्या मुलीचा हात गार्डपाशी पोचला, तोवर गार्डमधल्या सेन्सरने गुण नोंदवला होता. दुसऱ्या फेरीत तीच जोडी तिने पुन्हा मारली, आणि किक सहज अडवली गेली. पाण्याची बाटली घ्यायला आली तेव्हा तीच म्हणाली, "मामा, पाय उशिरा उठला."