स्प्लाइन कपलिंग : शाफ्टच्या अलाइनमेंटमधील दोषाचे परिणाम

स्प्लाइन कपलिंगमध्ये शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) कापलेले दाते हबच्या, म्हणजे त्यावर चढणाऱ्या पोकळ भागाच्या, आतल्या दात्यांत बसतात आणि टॉर्क (फिरवणारा जोर) एका शाफ्टकडून दुसऱ्याकडे जातो. घडणीतील सूक्ष्म फरकांमुळे सगळे दाते सारखे टेकत नाहीत. डिझाइनच्या हिशेबात बऱ्याचदा निम्मेच धरतात. शाफ्ट एका रेषेत नसले की तोही हिशेब कोलमडतो.

शाफ्ट समांतर राहून बाजूला सरकलेले असतात किंवा एकमेकांशी कोन करतात. प्रत्यक्षात बहुधा दोन्ही दोष एकत्र सापडतात. कोन असला की भार दात्याच्या एका टोकाशी एकवटतो. शिवाय दर फेऱ्याला प्रत्येक दाता समोरच्या दात्यावर किंचित पुढे-मागे घासतो, म्हणजे १४५० फेऱ्यांच्या मोटरीवर मिनिटाला १४५० वेळा. ही हालचाल अगदी थोडी असते, पण तेवढ्याने टेकत्या जागेतले ग्रीस बाजूला ढकलले जाते. धातूचे कण सुटतात, त्यांचे ऑक्साइड बनते आणि ती तांबूस भुकटी दात्यांमध्ये पॉलिश पेपरसारखी काम करते.

मुंबईत ही भुकटी दिसली की खाऱ्या हवेला दोष देऊन मोकळे होतात. साधा गंज उघड्या पृष्ठभागावर सगळीकडे चढतो. ही झीज मात्र दात्याच्या भार घेणाऱ्या बाजूवरच असते. तिथे पायरी पडते, नख फिरवले तरी लागते.

रेष चुकली की बेअरिंगवरही आडवा भार येतो, सील गळू लागते, कंपन वाढते. समांतर दोषात फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचे कंपन ठळक दिसते, कोनात शाफ्टच्या लांबीच्या दिशेचे.

थंड यंत्रावर डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावून साधलेली रेष चालू यंत्रात तशीच राहते असे नाही. ४०० मिमी उंचीची पोलादी बैठक ५० अंशांनी तापली तर सुमारे पाव मिलिमीटर वाढते. वर्सोव्याच्या किंवा ससून डॉकच्या मासेमारी बोटींचा प्रश्न निराळा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीचा सांगाडा पाण्यात उतरल्यावर वेगळा टेकतो, म्हणून इंजिन आणि पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टची रेष बोट तरंगत असताना पुन्हा तपासावी लागते.

गिअर कपलिंगमध्ये दाते मध्यभागी फुगीर ठेवतात, त्यामुळे थोडा कोन खपतो. सरळ दात्यांच्या स्प्लाइनला ती मुभा जवळजवळ नाही. झिजलेल्या दात्यांवर नुसता नवा हब चढवणे हा सर्वांत महागडा स्वस्त उपाय. नागदेवी स्ट्रीटवरून, म्हणजे मुंबईतल्या यंत्रांच्या सुट्या भागांच्या बाजारातून, माल आणण्याआधी यंत्राच्या पायांचे बोल्ट एकेक सैल करून पाहावेत: डायलचा काटा हलला तर पाय नीट टेकलेला नाही, तिथे शिम (खाली सरकवायची पातळ धातूची पट्टी) हवी.