रात्रभर चालू कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्कची घरघर

खानदेशातल्या घरांत कॉम्प्युटर रात्रभर चालू राहू लागला तो ब्रॉडबँडमुळे. २००५ साली बीएसएनएलचं 'डेटावन' आलं. पुढे काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतलं डाउनलोड मोजलंच जात नसे. दिवसा एकेक एमबी जपणारी जळगाव-धुळ्याची पोरं मग टॉरेंट (अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्यांनी फाइल उतरवण्याची पद्धत) लावून झोपायची. लग्नाच्या शूटिंगवाल्यांचं रेंडरिंगही (म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ पक्का तयार करणं) रात्रीच चाले. दिवसा लोडशेडिंगचा काय भरवसा!

उन्हाळ्यात आवाजाची तक्रार नसे. पारा ४५ च्या घरात, कूलर धडधडतोय, अर्धं घर गच्चीवर. हार्ड डिस्क ऐकतो कोण? बोंब उठायची डिसेंबरात. पंखा बंद, दारं-खिडक्या लावलेल्या, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरून आजी म्हणणार, "काय किरकिर लाई ठेयेल शे रे?"

ही किरकिर दोन प्रकारची. पहिली आतल्या तबकड्या फिरण्याची घरघर; माहिती साठते ती याच तबकड्यांवर. १९५६ च्या आयबीएम रॅमॅक या पहिल्या हार्ड डिस्कवाल्या कॉम्प्युटरमधल्या तबकड्या मिनिटाला १२०० फेरे घ्यायच्या. १९९२ मध्ये सीगेटच्या बॅराकुडाने हा वेग ७२०० वर नेला. म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ही थरथर स्क्रूंमधून कॅबिनेटच्या पातळ पत्र्यात उतरते आणि पत्रा, टेबल सगळंच गुणगुणतं. त्यात तबकड्यांच्या बेअरिंगमधले छर्रे झिजले की बारीक शिट्टी वेगळी. २००१ च्या बॅराकुडा एटीए ४ मध्ये छर्‍यांच्या जागी तेलाच्या थरावर फिरणारं बेअरिंग आलं, तेच पुढे सगळीकडे रुळलं आणि शिट्टी गेली.

दुसरी करकर हेडची, म्हणजे तबकडीवर माहिती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकाची, आणि झोपमोड खरी हीच करते. टॉरेंटचे तुकडे क्रमाने येत नाहीत, त्यामुळे हेड सारखं इकडून तिकडे पळतं. टॉरेंटच्या प्रोग्रॅममधली कॅश (तुकडे आधी मेमरीत साठवण्याची जागा) वाढवली तर ही पळापळ बरीच कमी होते, पण त्या सेटिंगकडे फारसं कुणी फिरकत नसे. विंडोज ७ ने आणखी भर घातली: डीफ्रॅगची (डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइली एकत्र लावण्याची) ठरलेली वेळ बुधवारी मध्यरात्रीनंतर १ वाजता! लोक ड्राइव्ह खराब झाली म्हणून दुकानात न्यायचे. खरं तर वेळापत्रक बदलायची गरज होती. हेड सावकाश हलवण्याची सोयही काही ड्राइव्हमध्ये होती. लिनक्सवर 'एचडीपार्म' या कमांडने १२८ हा आकडा दिला की शांत, २५४ दिला की वेगवान. नंतरच्या मॉडेलांतून ती काढून टाकली गेली.

घरगुती इलाजांत सगळ्यात गुणाचा म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या. ड्राइव्ह आणि पत्रा यांच्यामध्ये त्या घातल्या आणि स्क्रू फार आवळले नाहीत, की घरघर निम्म्यावर यायची. ड्राइव्ह फोममध्ये गुंडाळण्याचा सल्ला मात्र आपल्याकडे घातकच. बहुतेक ड्राइव्हची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते; मे महिन्यात भुसावळला खोलीच चाळिशीला टेकलेली, मग फोमच्या आत उष्णता जाणार कुठे?

एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काहीच नाही, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरपुरता हा प्रश्न मिटला. आता रात्रभर चालते ती सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली (चित्रण साठवणाऱ्या डब्यातली) हार्ड डिस्क, आणि दुकानामागेच घर असेल तर तो डबा नेमका झोपायच्या खोलीतल्या लाकडी फळीवर ठेवलेला असतो. त्याच्या पायांखाली तीच ट्यूब कापून घालावी, हवा खेळायला दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोडावी.