सायकल ट्रॅकची वेगळी रेषा: वादाची पार्श्वभूमी

ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशात सायकल ट्रॅक शेजारच्या रस्त्याच्या रेषेवरच नोंदायचा, की त्याची वेगळी रेषा काढायची, असा वाद आहे. 2004 मध्ये हा नकाशा सुरू झाला तेव्हा हा वाद निघायला जागाच नव्हती. स्वयंसेवक जीपीएस घेऊन फिरत आणि नोंदलेल्या वाटेवरून रेषा ओढत. यंत्रच काही मीटर चुकणार, तिथे रस्ता आणि त्याला लागून असलेला ट्रॅक वेगळे कसे दिसणार? रस्त्याच्याच रेषेला ‘सायकलवे=लेन’ किंवा ‘सायकलवे=ट्रॅक’ हा टॅग, म्हणजे माहितीची चिठ्ठी, लावला की भागायचे. नुसता रंगवलेला पट्टा म्हणजे लेन, मध्ये दुभाजक असला तर ट्रॅक.

2010 च्या अखेरीस एका मोठ्या कंपनीने आपल्या हवाई छायाचित्रांवरून रेषा काढायची मुभा दिली. दुभाजक आता डोळ्यांना दिसू लागला आणि अनेकांनी ट्रॅकची स्वतंत्र रेषा काढायला घेतली. रंगवलेल्या लेनला वेगळी रेषा नको, यावर बहुतेकांचे एकमत आहे. भांडण ट्रॅकचे.

वेगळ्या रेषेत रुंदी, पृष्ठभाग, वळणे नेमकी नोंदता येतात, हे खरेच. पण मार्ग शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ती रेषा शेजारच्या रस्त्याची आहे हे कळत नाही. एका गल्लीशी जोडणी दाखवायची राहून गेली, की सायकलस्वाराला पुढच्या चौकापर्यंत उगाच वळसा. उलट सगळे रस्त्यावरच नोंदायचे, तर डावी-उजवी बाजू, दिशा, रुंदी यांचे टॅग साचतात आणि बदल होईल तिथे रस्त्याची रेषा तुकड्यातुकड्यांत तोडावी लागते.

यात सर्वांत वाईट पायंडा पडला तो ‘बायसिकल=नो’ (सायकलला बंदी) चा. सॉफ्टवेअरने ट्रॅकच निवडावा म्हणून काहींनी बंदी नसलेल्या मुख्य रस्त्यावरही हा टॅग लावला. जमिनीवर नसलेला नियम नकाशात आला! जर्मनीत गोल निळा फलक असेल तर ट्रॅक वापरणे सक्तीचे; 1997 च्या कायदादुरुस्तीनंतर फलक नसलेले ट्रॅक ऐच्छिक झाले. पण सक्तीच्या ठिकाणीही ट्रॅक वापरण्याजोगा नसला तर रस्त्यावरून जाता येते. म्हणजे ही सरसकट बंदी नव्हेच. अशा सक्तीच्या रस्त्यांसाठी ‘बायसिकल=यूज_साइडपाथ’ (बाजूचा ट्रॅक वापरा) हा टॅग आला. तो आधीच यायला हवा होता.

पुढे निराळाच घोळ झाला. एकच ट्रॅक रस्त्यावरच्या टॅगमध्येही आणि वेगळ्या रेषेतही, त्यामुळे शहरातील ट्रॅकची लांबी मोजणाऱ्यांना तो दोनदा सापडे. आता अशा रस्त्यावर ‘सायकलवे=सेपरेट’ लिहितात. जुन्या नोंदी मात्र ज्याला दिसतील त्याने हाताने दुरुस्त करायच्या.