१९, ६४, ७३० : लांडगा मारल्यावर कुरण किती दिवस शांत राहतं?

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे लांडगे म्हटलं की समाजमाध्यमांवरची एक गोष्ट हमखास समोर येते. १९९५ साली लांडगे आणून सोडले, एल्क हरणं बुजली, त्यांनी नदीकाठ सोडला, विलोची झुडपं फोफावली, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर परतले आणि शेवटी नद्यांनीही आपले प्रवाह बदलले. गोष्ट सुरेख आहे, पण जितकी रंगवून सांगतात तितकी खरी नाही. उद्यानातल्या बऱ्याच ओढ्यांकाठी विलो अजून खुरटाच आहे. बीव्हरचे बांध गेल्यावर ते ओढे खोल कापले गेले आणि जमिनीतलं पाणी खाली गेलं. नुसते लांडगे आणून ते वर येत नाही. एल्क कमी झाले त्यातही अस्वलं, प्यूमा (मांजरकुळातला मोठा शिकारी), दुष्काळ आणि माणसाची बंदूक या सगळ्यांचा हात होता.

शिवाय ही गोष्ट उद्यानाच्या हद्दीपाशीच थांबते. हद्दीपलीकडे मोंटाना, आयडाहो आणि वायोमिंगमध्ये गुरं पाळणारे रँचर आहेत आणि दर शरदात एल्कच्या मागावर जाणारे शिकारी आहेत. लांडगे वाढल्यापासून त्यांच्या तक्रारी चालू आहेत आणि शहरातली माणसं त्या अडाणीपणाच्या खात्यात टाकून मोकळी होतात. त्यातल्या काही तक्रारी चुकीच्या आहेत, पण काही अगदी रास्त आहेत.

चुकीच्या तक्रारी आधी पाहू. पहिली तक्रार 'कॅनडाच्या राक्षसी लांडग्या'ची. १९९५ आणि १९९६ मध्ये अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियातून ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये आणि ३५ मध्य आयडाहोत आणले गेले. ही मूळची नव्हे, परकी आणि धिप्पाड जात आहे, असं अनेक शिकारी मानतात. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८६ मध्ये, कॅनडातून स्वतःच्या पायांनी आलेल्या लांडग्यांनी मोंटानाच्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात पिल्लं घातली होती. वयात आलेला लांडगा घर सोडून शेकडो किलोमीटर चालतो. देशाची सीमा त्याला ठाऊक नसते. आपल्या दख्खनच्या माळावरचा लांडगा जेमतेम २० किलोचा आणि तिकडचा नर ५० किलोच्या आसपास, हा फरक खरा आहे. अल्बर्टा आणि मोंटाना यांच्यात मात्र तशी दरी कधीच नव्हती.

दुसरी तक्रार, 'लांडगा मजेसाठी मारतो'. मार्च २०१६ मध्ये वायोमिंगच्या बॉन्डुरंटजवळ, हिवाळ्यात एल्कना चारा घालतात त्या जागी, एका रात्रीत १९ एल्क मेले. बहुतेक पाडसं होती आणि मांस जवळपास तसंच पडलं होतं. त्याआधी ऑगस्ट २०१३ मध्ये पूर्व आयडाहोत एका रात्रीत १७६ मेंढ्या दगावल्या. त्यांतल्या बहुतेक दातांनी मेल्या नव्हत्या, बिथरून एकमेकींखाली चेंगरून गुदमरल्या होत्या. पळणारं जनावर दिसलं की झडप घालायची, ही लांडग्याची जन्मजात खोड आहे. रानात पहिलं जनावर पडेपर्यंत बाकीची पसार होतात आणि खोड आपोआप शमते. खोल बर्फात किंवा कुंपणात ती पसार होऊ शकत नाहीत. आपल्याकडे बिबट्या बंद गोठ्यात शिरून सात-आठ शेळ्या मारतो तेव्हा हेच घडतं. लगेच कोणीतरी म्हणतं की जनावर सूड उगवतंय किंवा त्याच्या अंगात काही संचारलंय. संचारत काही नाही. गोठ्याचं दार बंद असतं, एवढंच.

आता रास्त तक्रार. मेलेल्या जनावराचा हिशेब लागत नाही. मे-जूनमध्ये गाई-वासरं डोंगरातल्या सरकारी कुरणांवर चढवतात आणि ऑक्टोबरात खाली आणतात. मधल्या काळात ती हजारो हेक्टरच्या जंगलात विखुरलेली असतात. वासरू मेलं तर ते मालकाला दिसायच्या आत अस्वल, गिधाड आणि कावळे त्याचा फडशा पाडतात. भरपाई हवी तर मात्र लांडग्यानेच मारलं हे सिद्ध व्हावं लागतं.

ते कसं सिद्ध करतात हे पाहण्यासारखं आहे. मढं सापडलं की आधी त्यावर ताडपत्री टाकायची, कुत्री दूर ठेवायची, आजूबाजूचे ठसे तुडवायचे नाहीत आणि त्याच दिवशी कळवायचं. तपासनीस येतो आणि जनावर पूर्ण सोलतो, कारण खरा पुरावा कातड्याच्या आतल्या बाजूला असतो. जिवंत जनावराला चावा बसला तर हृदय चालू असल्याने रक्त आसपासच्या मांसात घुसतं आणि साकळून जांभळट गोळा होतो. मेल्यावर खाल्लं तर मांस फाटतं, पण साकळत नाही. फसवणारी एक जागा असते: मढं ज्या कुशीवर पडलेलं असतं तिकडे रक्त खाली उतरून कातडं काळसर दिसतं. ती जखम नव्हे. मग चावे कुठे आहेत ते पाहायचं. प्यूमा मान किंवा गळा धरतो आणि शिकार पालापाचोळ्याने झाकतो. अस्वलाच्या खुणा बहुधा पाठीवर आणि खांद्यावर सापडतात. लांडगे पळत्या जनावराच्या मांड्या, कुशी, काखा आणि शेपूट धरतात. मराठीतला 'लांडगेतोड' हा शब्द कुणी डोळ्यांनी पाहूनच घडवला असणार. शेवटी दोन सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर मोजायचं: लांडग्याचं साधारण ४ ते ६ सेंटिमीटर, कोयोटी या त्याच्या लहान भाऊबंदाचं ३च्या आसपास. हे सगळं जुळलं तर 'खात्रीशीर', थोडं जुळलं तर 'संभाव्य'. नुसती हाडं उरली असतील तर हाती काहीच लागत नाही.

मध्य आयडाहोत वासरांच्या कानांना रेडिओ-बिल्ले लावून केलेल्या अभ्यासात निघालं की अशा दाट जंगलातल्या कुरणावर लांडग्याने मारलेल्या सुमारे ८ वासरांपैकी १च सापडतं. वायोमिंगने हे मान्य करून ठरावीक क्षेत्रात एका सिद्ध झालेल्या वासरामागे ७ पटींपर्यंत भरपाई द्यायचं ठरवलं. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतला हा सर्वांत प्रामाणिक नियम आहे. आपल्या धनगराला हे दुखणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. अंधारात उचलून नेलेल्या कोकराचा पंचनामा कशाचा करणार?

आणि मेलेलं वासरू म्हणजे सगळा तोटा नव्हे. पश्चिम मोंटानातल्या १८ रँचच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की जिथे खात्रीशीर हल्ला झाला, तिथे कळपातल्या वाचलेल्या वासरांचं वजनही सरासरी १० किलोने कमी भरलं. नुसते लांडगे आसपास वावरण्याने मात्र वजन घटत नव्हतं. हल्ला सोसलेला कळप नीट चरत नाही, सारखा एकवटतो. शरदात वासरं किलोवर विकायची असतात, त्यामुळे ३०० वासरांमागे ३००० किलो गेले आणि त्याची भरपाई कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शिकाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. आयडाहोच्या लोलो विभागात १९८९ च्या सुमारास १६००० एल्क होते, २०१० मध्ये २००० च्या आसपास उरले. लांडगे तिथे पाडसं आणि माद्या मारतात, हे खरं. पण १९१० च्या महाभयंकर वणव्यांनंतर तिथे उगवलेली झुडपं दशकानुदशकं एल्कचा चारा होती. त्यांचं पुन्हा उंच रान झालं, त्यात १९९६-९७ चा हिवाळा कडक गेला, आणि घसरण लांडगे पसरायच्या आधीच सुरू झाली होती. लांडग्यांनी ती थांबू दिली नाही. दुसरीकडे मोंटाना आणि वायोमिंगमध्ये राज्यभरात प्रत्येकी एक लाखाहून अधिक एल्क आहेत. राज्याची सरासरी सांगून लोलोच्या शिकाऱ्याचं समाधान होत नाही, आणि व्हायचं कारणही नाही.

कायद्याने अविश्वासात भर घातली. तीन राज्यांत मिळून ३०० लांडगे आणि ३० प्रजननक्षम जोड्या सलग तीन वर्षं टिकल्या की लांडग्यांना असलेलं कायद्याचं संरक्षण उठेल, असा सरकारचा शब्द होता. ही अट २००२ अखेर पुरी झाली. त्यानंतर संरक्षण उठणं, कोर्टाने ते परत बसवणं, पुन्हा उठणं असं चालत राहिलं. मोंटाना आणि आयडाहोत २०११ मध्ये संसदेने अर्थसंकल्पाच्या विधेयकात कलम घालून ते उठवलं. वायोमिंगला २०१७ उजाडलं.

मग शिकारीचे हंगाम सुरू झाले आणि नवी तक्रार आली: इतके मारूनही लांडगे कमी का होत नाहीत? लांडगा समजून घ्यायचा तर हाच प्रश्न धरून बसायला हवं.

लांडग्यांची मोजणी डोकी धरून करतात, पण त्यांचं जगणं टोळीत चालतं. टोळी म्हणजे एक जोडपं आणि त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांतली पोरं. सहसा जोडपंच वितं: फेब्रुवारीत मीलन, ६३ दिवसांनी, एप्रिलमध्ये, ४ ते ६ पिल्लं. पोरं एक ते तीन वर्षांची झाली की घर सोडतात आणि त्यांतली पुष्कळशी वाटेत मरतात: गाडीखाली, उपासमारीने किंवा परक्या टोळीच्या दातांनी. म्हणजे दर वर्षी लांडग्यांचा एक 'वरकड' भाग तयार होतो, ज्याला ना जागा असते ना जोडीदार.

ढोबळ हिशेब मांडू. एका मुलखात शरदात १०० लांडगे आहेत, टोळ्या १४. हिवाळ्यात शिकाऱ्यांनी २५ मारले, १० आपोआप मेले, उरले ६५. वसंतात १४ जोड्यांना ५ च्या हिशेबाने ७० पिल्लं झाली आणि निम्मी जगली तर शरदात पुन्हा १००. एरवी ते २५ मारले नसते तर? त्यांतले बरेचसे मुलूख सोडून गेले असते किंवा भटकंतीत मेले असते. गोळीने मेलेल्यांत असे 'तसेही जाणारे' जितके जास्त, तितका शिकारीचा एकूण संख्येवर परिणाम कमी. त्यात एखादी जागा रिकामी झाली की घर सोडू पाहणारं पोर लांब न जाता तिथेच बस्तान मांडतं. अलास्कातल्या अभ्यासाने ही मर्यादा २९ टक्क्यांच्या आसपास काढली: शरदातल्या संख्येच्या तेवढा भाग माणसाने दर वर्षी मारला तरी संख्या टिकते, त्यापुढे घसरते. आता मोंटानाचे आकडे पाहा. लांडगे सुमारे ११००. (हा अंदाज ६०० चौरस किलोमीटरच्या चौकटी पाडून, हजारो हरीण-शिकाऱ्यांना फोनवर 'लांडगे कुठे आणि किती दिसले' असं विचारून बांधतात, म्हणजे सरकारी आकडा खोटा म्हणणाऱ्या शिकाऱ्यांचीच साक्ष त्यात आहे.) बंदूक आणि सापळे मिळून वर्षाला २५० ते ३३० मरतात. हे २३ ते ३० टक्के झाले. संख्या जवळपास जागच्या जागी राहते ती यामुळे.

पण रँचरला राज्यातले ११०० लांडगे सतावत नाहीत, त्याच्या कुरणावरचे ७ सतावतात. १९८९ ते २००८ या काळात तिन्ही राज्यांत गुरांवर झालेल्या हल्ल्यांच्या नोंदी तपासून पाहिलं गेलं की एका हल्ल्यानंतर पुढचा किती दिवसांनी होतो. काहीच केलं नाही तर मध्यक (निम्म्या वेळा त्याहून लवकर, निम्म्या वेळा उशिरा) १९ दिवस. टोळीतले काही लांडगे मारले तर ६४ दिवस. अख्खी टोळी काढली तर ७३० दिवस, म्हणजे दोन वर्षं. काही लांडगे मारण्याचा उपयोगही हल्ल्यानंतर पहिल्या ७ दिवसांत केलं तरच चांगला होतो. १४ दिवस उलटल्यावर मारणं आणि न मारणं सारखंच. ते समजण्यासारखं आहे. टोळीचा मुलूख शेकडो चौरस किलोमीटरचा. दोन आठवड्यांत ती कुठल्या कुठे जाते, आणि बंदुकीसमोर येणारा लांडगा गुरांच्या वाटेला कधी न गेलेलाही असू शकतो. मागे उरलेल्या दर लांडग्यामागे पुन्हा हल्ला होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते.

डिसेंबरात, कुरणापासून ८० किलोमीटरवर, सापळ्यात सापडलेला लांडगा हा यावरचा इलाज होऊ शकत नाही. हंगाम लांबवा, रात्री मारू द्या, फास लावू द्या, बक्षीस वाढवा, अशा २०२१ नंतर मोंटाना आणि आयडाहोने केलेल्या कायद्यांनी रँचरला आपली बाजू घेतल्यासारखं वाटलं, पण त्याच्या वासराचा धोका त्यातून फारसा हलत नाही. गुरं मारायला चटावलेली अख्खी टोळी आठवड्याच्या आत काढणं वाचायला क्रूर वाटतं, पण मला ते राज्यभर अंदाधुंद मारण्यापेक्षा जास्त न्याय्य वाटतं. हजारावर लांडगे असलेल्या राज्याला एक टोळी परवडते, आणि गुरांना हात न लावणाऱ्या शेजारच्या टोळ्या जागेवर राहिल्या तर त्या रिकाम्या मुलखात नव्या टोळीला सहजी शिरू देत नाहीत.

हल्ला होण्याआधीचे उपायही काळ आणि जागा पाहूनच चालतात. पूर्व युरोपातल्या जुन्या शिकारपद्धतीतून आलेली 'फ्लॅड्री' म्हणजे दोरीवर अर्ध्या मीटरच्या अंतराने टांगलेल्या लाल चिंध्या. धनगराच्या वाघुरीसारखी ती कुरणाभोवती लावतात. फरक असा की वाघूर मेंढरं आत धरते आणि फ्लॅड्री लांडग्याला बिचकवून बाहेर ठेवते. चिंधी जमिनीला टेकली, गवतात अडकली किंवा दोरीला गुंडाळली की तिथे फट पडते, म्हणून रोज फेरी मारावी लागते. दोन महिन्यांत लांडगा सरावतो. दोरीत वीज सोडली तर थोडा आणखी टिकाव लागतो. वासरं जन्मतात तेव्हाच्या घराजवळच्या कुरणाला ती उत्तम, चार महिन्यांच्या डोंगरी चराईला कुचकामी. डोंगरात रोज कळपातून घोडा फिरवणारा माणूसच लागतो. मढी लवकर सापडतात तीही त्यालाच, आणि ७ दिवसांची मुदत हातातून निसटू नये असं वाटत असेल तर त्याचा पगार हा पहिला खर्च.

मोंटानाच्या ब्लॅकफूट खोऱ्यात रँचरांनी मिळून आणखी एक साधी गोष्ट केली. हिवाळ्याअखेर गाई विण्याच्या दिवसांत मेलेली वासरं पूर्वी रँचच्या मागे एका खड्ड्यात टाकायचे आणि त्या वासाने अस्वलं आणि लांडगे थेट विणाऱ्या गाईंपर्यंत यायचे. आता एक ट्रक रँचोरँच फिरून मढी गोळा करतो, आणि विजेच्या कुंपणाआड लाकडाच्या भुश्शात त्यांचं खत होतं.